सदाभाऊंचा घरघरता फ्रीझर

आयसेलिनला ओक ट्री रोडच्या मागच्या गल्लीत सदाभाऊंचं देशी किराणा दुकान आहे. आत शिराल तेव्हा घाबरू नका, अंधार असतो. दिव्यांची सगळी बटणं गल्ल्यापाशी. तुम्ही डाळींकडे गेलात की भाऊ डाळींवरचा दिवा लावतात, पापडांकडे वळलात की डाळी अंधारात. मध्येच मन बदललंत तर म्हणतात, ‘‘एक काय ते ठरवा. हा कार्बन कुणाच्या नावावर मांडू?’’

कार्बन हा त्यांचा आवडता शब्द. दुसरी पिशवी मागितली, कार्बन. मी बर्फातून चालत धापा टाकत आले तरी, ‘‘ताई, श्वास जरा बेतानं सोडा.’’ कॅनडातल्या भाच्यानं त्यांना कधीतरी सांगितलं, की तिकडे कार्बनवर कर होता आणि छोट्या दुकानदारांना त्यातले पैसे परत मिळायचे. तेव्हापासून भाऊंचं एकच, ‘‘आपण एवढा वाचवतो, आपल्याला कोण देणार?’’

इथे तसलं कुणी देत नाही. वीज कंपनीची मात्र योजना निघाली. जुना फ्रीझर आमच्या हवाली करा, नव्याचे बरेचसे पैसे रिबेट म्हणून आम्ही देतो. भाऊंचा फ्रीझर म्हणजे ट्रॅक्टर, तसाच घरघरणारा. सगळे दिवे विझवून जे वाचतं ते हा एकटा खातो. त्यात दुकानाचं भाडं वाढलेलं. बिल असंच येत राहिलं तर दिवाळीनंतर दुकान बंद, हे भाऊच म्हणाले होते. माझे मोदक त्याच फ्रीझरमध्ये विकायला असतात, म्हणून मीच मागे लागले. या वयात कुणाच्या मागे लागायचा कंटाळा येतो हो, पण लागले. नातवाकडून ऑनलाइन अर्ज भरून घेतला.

अट एकच. न्यायला येतील तेव्हा जुना फ्रीझर रिकामा आणि चालू हवा. बंद पडलेल्याचे पैसे नाहीत. हे मी भाऊंना पुन्हा पुन्हा बजावलं, कारण रिकाम्या फ्रीझरला वीज द्यायची म्हणजे त्यांचा जीव जाणार.

त्या सकाळी गेले तर ट्रक दारात आणि फ्रीझर गप्प. प्लग काढलेला. वर हळदकुंकू आणि झेंडूचं एक फूल.

‘‘अहो भाऊ, पूजा केलीत ती केलीत, बंद कशाला केलात?’’

‘‘रिकामाच तर होता. कार्बन.’’

‘‘लावा आधी.’’

न्यायला आलेला माणूस बिचारा सभ्य, घड्याळाकडे न बघता उभा. भाऊ प्लग हातात घेऊन उकिडवे बसले आणि लावीचनात.

‘‘ताई, लावला तर नेतील.’’

‘‘न्यायलाच आलेत ते.’’

‘‘सुमन मुलाकडे अर्विंगला गेली ना सुनेच्या बाळंतपणाला, तेव्हापासून मी इथंच मागच्या खोलीत झोपतो. घर फार गप्प असतं. ती घोरायची हो. जन्मभर बोललो तिला त्यावरून.’’ मग पत्र्यावर हात ठेवून म्हणाले, ‘‘हा जरासा तसाच.’’

सुमनताई, म्हणजे भाऊंची बायको, काही महिन्यांसाठी म्हणून गेल्या होत्या. आता दुसरं नातवंड चालायला लागलंय.

भाडं, बिल, माझे मोदक, सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं. रागवायला तोंड उघडलं, पण बघितलं तर भाऊंचा हात अजून पत्र्यावरच. त्या माणसाकडे वळून नकारार्थी मान हलवली. ‘‘कॅन्सल,’’ म्हटलं. त्यानं कागदावर रेघ मारली आणि तो गेला.

ट्रक वळल्यावर भाऊंनी प्लग लावला. फ्रीझर कुंथला, खडखडला आणि घरघरायला लागला. ‘‘बिलाचं बघू काहीतरी,’’ भाऊ म्हणाले.

मी पिशवीतून फोन काढून अर्विंगला लावला. भाऊ हातानंच नको नको म्हणत होते. सुमनताईंनी उचलला. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, ‘‘कुठून बोलताय, दुकानातून? ते धूड अजून चालू आहे का हो?’’

‘‘आहे,’’ म्हटलं, आणि फोन भाऊंच्या हातात दिला.