मागच्या चाकाचा सूर

गाडीने चाळीसचा वेग गाठला की मागून बारीक, रडका सूर लागायचा आणि जावई लगेच वेग कमी करायचा. गाडी सासऱ्यांची होती. बारा वर्षं वापरून त्यांनी ती दोन महिन्यांपूर्वी थोरल्या जावयाला दिली होती, तीही अट घालून. "नीट ठेवलीत तर तुमची. नाहीतर धाकटे आहेतच." धाकटा साडू दर आठवड्याला फोन करून गाडीची तब्येत विचारायचा, तो काही मायेपोटी नव्हे. रविवारी सासरे तपासणीला येणार होते.

शनिवारी सकाळीच जावई मिस्त्रीकडे पोचला.

"डिकीत काय आहे?" मिस्त्रीने विचारलं.

"जॅक, स्टेपनी, बायकोच्या चपला."

सगळं बाहेर आलं. आवाज तसाच. मग मिस्त्रीने मागची चाकं पुढे आणि पुढची मागे लावली. आवाज जागचा हलला नाही.

"टायरचा असता तर पुढे गेला असता," मिस्त्री म्हणाला. "आता कानाचं काम. मी चालवतो, तुम्ही मागे पालथे पडा."

मागचं सीट उचकटून काढलं गेलं. शर्टाला ग्रीस लागू नये म्हणून जावयाने तो गॅरेजमधल्या खुंटीला अडकवला, खिशातल्या फोनसकट, आणि बनियनवर उघड्या पत्र्यावर कान टेकून आडवा झाला. मिस्त्रीने गाडी पळवली आणि डावी-उजवीकडे झोकांड्या द्यायला सुरुवात केली.

"उजवीकडे वाढतो का?"

"वाढतो!"

"आता डावीकडे?"

"आता डोकं आपटलं!"

"उजवीकडे वळलं की भार डाव्या चाकावर. म्हणजे डावं बेअरिंग गेलं," मिस्त्री समाधानाने म्हणाला.

नेमकी तेव्हाच शेजारीण भाजी घेऊन सिग्नलला उभी होती. तिने जावयाच्या बायकोला फोन केला. "तुमचे हे गाडीत पालथे पडलेत हो! अंगावर शर्ट नाही, हालचाल नाही, आणि गाडी कुणीतरी दारुड्या हाकतोय!" बायकोने नवऱ्याला अकरा वेळा फोन लावला. खुंटीवरचा शर्ट अकरा वेळा थरथरला. शेवटी तिने वडिलांना बोलावून घेतलं.

दुपारी नवं बेअरिंग बसलं. गाडी अशी गुपचूप चालू लागली की जावई वाटेत चक्क शीळ घालत होता. घरी पोचला तर दारात बायको डोळे पुसत उभी, मागे सासूबाई आणि सासरे. नवरा धडधाकट दिसताच बायकोचं रडू थांबलं आणि तोंड सुरू झालं.

"जिवंत आहात ना?" सासरे म्हणाले. "मग आलोच आहे तर गाडी बघून घेतो. किल्ली द्या."

सासूबाई पुढे बसल्या, जावई मागे. सासरे गाडी चालवताना अखंड बोलत. त्यांच्या शेजारी बसून आजवर कुणाला दुसरं काही ऐकू आलं नव्हतं. चाळीसला मात्र ते वाक्याच्या मध्येच अडखळले.

"आज मला माझंच बोलणं एवढं स्पष्ट का ऐकू येतंय?"

"आम्हाला रोजच येतं," सासूबाई म्हणाल्या.

"अगं, मागचा सूर कुठे गेला? चार वर्षं त्या सुरावर मी गिअर बदलतोय! दोन महिन्यांत गाडी मुकी केली यांनी. धाकट्यांना फोन लाव."

सासूबाई पर्समध्ये फोन शोधू लागल्या. खरं सांगायचं धैर्य जावयाला होईना. न विचारता त्यांच्या गाडीला हात लावला, हे त्यांनी जन्मभर ऐकवलं असतं. त्याने ओठ घट्ट मिटले, डोळे खिडकीबाहेर लावले आणि नाकातून हळूच सुरुवात केली.

"ऊंऊंऊं..."

सासऱ्यांचा चेहरा खुलला. त्यांनी झोकात गिअर बदलला. "हां! अडकलं होतं काहीतरी, सुटलं."

सासूबाईंनी मान वळवून जावयाकडे नीट पाहिलं. मग फोन पर्समध्ये परत ठेवला. "छान लागलाय," त्या म्हणाल्या.

"गाडी तुमच्याकडेच राहू द्या," सासरे म्हणाले. "दर रविवारी येऊन मी एक चक्कर मारत जाईन. आता जरा चढावर घेतो. तिथे तो खरा वर चढतो."

जावयाने छाती भरून श्वास घेतला.