केबलचं रिकामं टोक

“डिस्कासनं भरीत करी टाकेल शे,” धुळ्याहून आलेला इंजिनिअर नानांच्या उघड्या कॉम्प्युटरवर वाकून स्वतःशीच पुटपुटला.

डिस्कांचं भरीत करून टाकलंय, अशी तो नावं ठेवत होता. पण नाना पडले भरताच्या वांग्यांसाठी नावाजलेल्या असोद्याचे. त्यांना ते कौतुक वाटलं.

“मग! भरीत म्हटलं की बठ्ठी वांगी एकाच लाकडी बडगीत ठेचायची,” ते खुशीत म्हणाले. “वेगळं ठेवून काय चव लागते?”

मी मॉनिटरच्या मागे तोंड लपवलं.

नानांचं जळगावात लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं, आणि मी तिथं इंग्रजी पत्रिका टाइप करायचे. नाना माझे सख्खे मोठे काका. गिऱ्हाइकांसमोर मात्र मी त्यांना ‘सर’ म्हणायचे. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, आणि हे नुसत्या बंडीत बसून कॉम्प्युटरला टेबलफॅनचा वारा घालणार! झाकण कधी लावायचे नाहीत. “आत जीव गुदमरतो त्याह्यचा,” म्हणायचे.

‘त्याह्यचा’ म्हणजे आतल्या तीन हार्ड डिस्कांचा. एक दुकानातलीच. दुसरी जामनेरच्या काकांकडची, तिसरी बोदवडच्या. त्या त्या घरी नवा कॉम्प्युटर आला की नाना एसटीनं जायचे आणि जुनी डिस्क टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन यायचे. मग विंडोज एनटीमध्ये त्यांनी या तिन्ही डिस्क जोडून एकच मोठा ड्राइव्ह केला. नाव दिलं ‘घर’. डी, ई, एफ असे वेगवेगळे ड्राइव्ह त्यांना बघवायचे नाहीत. “एका वावरात इतके बांध कशाले?”

एकदा मी विचारलं, “सर, ही फाइल नक्की कुठल्या डिस्कवर आहे?”

“पोरी, भाकर खाताना दाणा कोणत्या पोत्यातला, हे कोणी विचारतं का?”

गिऱ्हाइकं हसायची. माझे कान तापायचे. दसऱ्याला ते प्रत्येक डिस्कला कुंकू लावायचे, आणि एरवीही “जामनेर तापलं बरं का आज” असं कुणालाही सांगायचे.

आणखी एक खूळ होतं. आतल्या चपट्या केबलचं एक टोक रिकामं होतं. तिथं सीडी ड्राइव्ह बसला असता, पण नाना बसवू देत नसत. त्या टोकाला रबर लावून त्यांनी ते नीट बाजूला बांधून ठेवलं होतं.

थंडीत असोद्याच्या मळ्यात भरीतपार्टी व्हायची, तेव्हाही ते असंच करायचे. सगळ्यांची केळीची पानं मांडून झाली की शेवटी एक पान जास्तीचं मांडायचे. त्या पानावर वाढायचेही. जेवायला कुणी बसायचं नाही. चार भावांतले माझे पप्पा वाटणीनंतर, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झाल्यापासून, मळ्यात पाऊल टाकत नव्हते. नानांशी बोलत नव्हते. “भांडण भावांचं आहे, पोरीचं नाही,” असं म्हणून आईनंच मला दुकानात धाडलं होतं.

त्या दिवशी सकाळपासून बोदवडची डिस्क टकटक वाजत होती, म्हणून इंजिनिअरला बोलावलं होतं.

“काका, एक वांगं कडू निघालं की भरताचं काय होतं?” त्यानं विचारलं.

“बठ्ठं कडू.”

“तसंच हे. ही डिस्क गेली, तर तिन्हींवरचं सगळं जाईल.”

नानांनी टेबलफॅन डिस्कांच्या आणखी जवळ सरकवला. ‘घर’मध्ये लग्नमोसमाच्या सगळ्या पत्रिका होत्या. शिवाय घराघरांतून मागून आणून स्कॅन केलेले फोटो: आजी, विहीर, बैलगाडीवर ओळीनं बसलेले चार भाऊ. त्यातले पप्पा नानांच्या मांडीवर होते.

“अजून चालू आहे तोवर सगळं एका मोठ्या डिस्कवर उतरवून घेऊ,” इंजिनिअर म्हणाला. “माझ्या ओळखीच्या दुकानातून मागवतो. हे टोक रिकामंच आहे, इथं लावू.” त्यानं रबर ओढलं.

“तिथं नको!” नानांनी त्याचा हात धरला. “ती जागा राखेल आहे.”

“कोणासाठी?”

नानांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. ते बंडीच्या टोकानं चष्मा पुसत राहिले, आणि मला एकदम मळ्यातलं ते वाढलेलं पान आठवलं. पप्पांनी मागच्याच दिवाळीत नवा कॉम्प्युटर घेतला होता. भली मोठी डिस्क होती त्यात. नानांना ते ठाऊक असणार. माझ्याजवळ त्यांनी कधी विषय काढला नव्हता. मी त्यांना सर म्हणत होते ना.

मान वर करायची मला लाज वाटली.

इंजिनिअर हसला. “मॅडम, तुम्हीच समजवा तुमच्या सरांना.”

“सर नाहीत,” मी म्हणाले. आवाज चिरकला, तरी थांबले नाही. “माझे नाना आहेत. आणि नाना, ती जागा आमची आहे ना? मग आमच्या घरची मोठी डिस्क येईल तिथं, सगळं तिच्यावर उतरवू. मी पप्पांना फोन लावते, तुम्ही बोला.”