टेस्टिअर, पण कुणापेक्षा?

एखादा पदार्थ चविष्ट असायला कायद्याची हरकत नसते. तो अधिक चविष्ट झाला, की मामला सरकारदरबारी जातो. इंग्लंडात, लँकशायरमधल्या आमच्या गावात हे काम फार उत्तम रीतीने चालते.

मेव्हिस एन्टविसलबाईंनी दुकानाच्या काचेवर पाटी लावली : ‘मटण-बटाट्याची पाई. आता टेस्टिअर!’ म्हणजे अधिक चविष्ट. (पाई म्हणजे सारण भरून, कडा दुमडून भट्टीत भाजलेली जाडजूड करंजी.) इंग्रजीत विशेषणाला ‘अर’ एवढी शेपटी जोडली की भागते. कुणापेक्षा, हे सांगावे लागत नाही. (या सोयीवर इथला निम्मा व्यापार उभा आहे.) पण नगरपालिकेत तक्रार आली. सही ‘एक ग्राहक’, आणि कागदावर पिठाची बोटे.

तपासनीस हॅलिवेलसाहेबांनी आधी शब्दकोश काढला. ‘टेस्ट’चा जुना अर्थ निघाला, हाताने चाचपणे. त्यानुसार सात जणांच्या समितीने चौदा पाई चाचपल्या. एकही उरली नाही. निष्कर्ष : चाचपणी अपुरी, नमुने पुन्हा मागवावेत. शिवाय बाईंना एक अर्ज भरायला दिला : (अ) कुणापेक्षा? (ब) केव्हापासून? (क) सदर व्यक्तीस कल्पना आहे काय? चौदा दिवसांत उत्तर न आल्यास दुकानाचा परवाना रद्द.

बाईंनी तिन्ही रकाने कोरे ठेवले. पंधराव्या दिवशी साहेब स्वतः दुकानात आले. बाईंचे यजमान विल्फ्रेड तिथेच होते, आणि पाई घ्यायला आलेला मीही. एकतीस वर्षे पाई त्यांनीच केल्या. यंदापासून पाई बाई करतात, ते फक्त कडा दुमडतात.

“लिहा, त्या सुपरमार्केटवाल्यांपेक्षा,” बाई म्हणाल्या.

“मग ‘आता’ कशाला लिहिलंस?” विल्फ्रेड म्हणाले. “घे की माझं नाव. घाबरतेस काय?”

“म्हणजे तक्रार तू केलीस? अरे, परवाना जाईल ना आपला!”

“जाऊ दे गेला तर.”

बाईंनी हात पुसले. “गेलं वर्षभर मीठ दोनदा घालत होतास, विल्फ. तुझ्या जिभेला कळेनासं झालंय. गाव मुकाट्याने खात होतं. तोंडावर कसं सांगू रे तुला? म्हणून काचेवर लिहिलं.”

विल्फ्रेड बराच वेळ कडा दुमडत राहिले. मला फार वाईट वाटले. वर्षभर ‘झकास’ म्हणत खाणाऱ्यांत मीही होतो. (वर तांब्याभर पाणी.)

“लिहा, साहेब,” ते शेवटी म्हणाले. “माझ्यापेक्षा. आणि सदर व्यक्तीला कल्पना आहे.”

मराठीत अशी शेपटी नाही, म्हणून आपण वाचक निर्धास्त हसत असाल. हसा. फक्त आज जेवायला बसलात, की ‘आज आमटी छान झालीय’ एवढेच म्हणा, आणि वाढणाऱ्याच्या तोंडाकडे बघा.