नागछाप झोळी

एका जंगलात, बालमित्रांनो, घरोघरी पिल्ले जन्मास येत. आणि पिल्लू जन्मास आले की त्याला झोळी लागे. ह्या झोळ्या एक शिंपीण करीत असे. शिंपीण म्हणजे ती चिमुकली पक्षीण, जी चोचीने पानांना भोके पाडते आणि शेवरीच्या कापसाच्या दोऱ्याने त्यांच्या कडा शिवते. तिचा टाका बारीक, गाठ घट्ट. पिल्लू झोळीत निजवावे आणि आईने निर्धास्तपणे चारा शोधावयास जावे.

पुढे कावळीणबाईंनीही झोळ्यांचा धंदा काढला. शिवणे त्यांना जमेना. म्हणून त्या पाने डिंकाने चिकटवीत आणि विकताना म्हणत, "शिंपिणीचीच आहे हो!" एके दुपारी ऊन तापले, डिंक पाघळला आणि खारीचे पिल्लू थेट चिखलात पडले. लागले काही नाही. पण माखलेले लेकरू घेऊन खार शिंपिणीच्या दारी उभी राहिली.

"बघ, बघ तुझे शिवणकाम!"

"अगं, ही माझी झोळीच नव्हे. हिला टाका कुठे आहे?"

"टाके बघत बसायला मी काय रिकामी आहे? तुझे नाव सांगितले, मी घेतली."

शिंपिणीच्या डोळ्यांत पाणी आले. आयुष्यभर जपलेले नाव चिखलात गेले होते. तिने खारीला नवी झोळी देण्याचे कबूल केले आणि ती तडक वाघूळरावांकडे गेली.

वाघूळराव उंबराच्या फांदीला उलटे लटकून इतरांच्या मालाला ओळख मिळवून देत. स्वतः ते पक्ष्यांच्या सभेत पक्षी असत आणि पशूंच्या सभेत पशू. त्यामुळे ह्या विषयातील त्यांचा अनुभव दुहेरी होता.

"बाई, तुमची झोळी पाहून गिऱ्हाइकाच्या मनात कोणती भावना उत्पन्न होते?" त्यांनी विचारले.

"पिल्लू झोपेल, अशी."

"फार साधी भावना आहे. आपल्याला चिन्ह लागेल."

त्यांनी कोळशाने चिन्ह काढले: नागमोडी दोरा, त्याच्या टोकाशी लोंबणारे रुंद पान आणि पानावर टाक्याची दोन भोके. शिंपिणीने ते पाहिले आणि ती दचकून मागे सरली.

"वाघूळराव, हा तर फणा काढलेला नाग आहे!"

"तुम्ही चुकीच्या बाजूने पाहता आहात."

"मी तर सरळ उभी आहे."

"तेच म्हणतो मी."

शिंपिणीने मान पार उलटी वाकवून पाहिले. खरोखरच पान होते, दोराही होता. विद्वानांशी वाद कसा घालावा? तिने मोबदला म्हणून त्यांचा उसवलेला पंख शिवून दिला आणि घरी येऊन प्रत्येक झोळीवर ते चिन्ह छापले.

बाजाराच्या दिवशी उंदरीण आली, किंचाळली आणि पळाली. तिच्यामागे ससे पळाले. "अहो, मान उलटी करून बघा!" शिंपीण ओरडत राहिली, पण पळताना मान उलटी कोण करणार? झोळ्या तशाच राहिल्या आणि वाळू लागल्या. एक तेवढी खारीने नेली, कारण ती फुकट होती.

त्याच आठवड्यात खरोखरीचा नाग खारीच्या झाडावर चढला. झोळीवरचे चिन्ह पाहून तो थबकला. "क्षमा असावी," तो अदबीने म्हणाला, "इथे आधीच कोणी राहते, हे ठाऊक नव्हते." आणि तो उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी शिंपिणीच्या दारी रांग लागली. वाघूळरावांनी सभा भरवली. "भय हीच सर्वांत टिकाऊ भावना," ते म्हणाले. "आरंभापासून माझा हाच बेत होता."

कावळीणबाईंनीही आपल्या डिंकाच्या झोळ्यांवर नाग काढला. पुन्हा ऊन तापले, पुन्हा डिंक पाघळला आणि उंदरिणीचे पिल्लू चिखलात पडले. शिंपीण धावत गेली. आता तरी टाक्याची किंमत कळेल, असे तिला वाटले.

उंदरीण पिल्लाला पुसत होती. "पडला तर पडला," ती कौतुकाने म्हणाली, "नागाने तर नाही ना नेला! छापच तशी आहे, बाई."

"आणि टाके?" शिंपिणीने विचारले.

"कसले टाके?"

शिंपीण घरी आली. तिने पुढच्या झोळीला निम्मेच टाके घातले. ती झोळी विकली गेली. कोणाच्या काही लक्षात आले नाही. पण शिंपिणीला घास गोड लागेना. संध्याकाळी ती गिऱ्हाइकाच्या फांदीवर गेली आणि तिने उरलेले टाके गुपचूप घालून दिले.

तेही कोणाच्या लक्षात आले नाही.

तात्पर्य: बालमित्रांनो, काम नेहमी मन लावून करावे. त्यामुळे धंद्याचे काहीही नुकसान होत नाही.