भोईर ब्रदर

भोईर ब्रदरना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मरायला टेकले होते. अंबरनाथ पूर्वेच्या समाजमंदिरात, लोखंडी पलंगावर आडवे पडून ते कण्हत होते. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांची देखभाल कशी करायची, ते शिकवणारा नगरपालिकेचा वर्ग त्या दिवशी सुरू होणार होता. आम्ही बायका दारातच थबकलो. कुणीतरी रिक्षा आणायला धावलं. तेवढ्यात चहावाला आला आणि मरणारा माणूस टुणकन उठून म्हणाला, "मना बिनसाखरेचा. आनि तुमच्यातल्या एकीनं तरी माझा हात धरला का?"

हे आमचे शिक्षक.

ब्रदर म्हणजे नर्स, पण पुरुष. सगळी हयात दवाखान्यात काढून निवृत्त झालेले, मोरिवलीचे. आख्खं गाव त्यांना ब्रदर म्हणतं. "बायको पन चारचौघात ब्रदरच म्हनायची," ही त्यांची जुनी तक्रार.

शिकवण्यासाठी आम्हाला एक प्लास्टिकचा बाहुला मिळाला होता. ब्रदरनी तो पहिल्याच दिवशी कपाटात कोंबला. "ह्यो तक्रार करत नाय. तक्रार न करनारा पेशंट तुमाला काय शिकवनार?" त्यामुळे पेशंट तेच. आणि असे छळवादी पेशंट मी नंतर खऱ्या कामातही पाहिले नाहीत. न सांगता कुशीवर वळवलं की ओरडायचे, "मी काय तांदलाची गोन हाय? आधी सांग, मग हात लाव!" हे वेड बाहेरही चालायचं. न्हाव्यानं न विचारता मान वाकवली म्हणून अर्धी दाढी सोडून ते त्याला समजावत बसले होते.

रोज नवा रोगी. एकदा ते उल्हासनगरचे मधुमेही शेठ झाले आणि जिलेबीसाठी हटून बसले. आमच्या वर्गातली काजल उल्हासनगरचीच, सिंधी. ती वैतागून म्हणाली, "काका, हमारे दादाजी ऐसे नहीं बोलते. और इतना नाटक तो बिलकुल नहीं करते." ब्रदर डोळे मिटूनच म्हणाले, "मग तू शिकव." पुढची दहा मिनिटं ती त्यांना शेठ कसा रुसतो ते शिकवत होती आणि साखर वाढलेल्या पेशंटला काय द्यायचं ते आम्हाला सांगायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी डोक्यावर ओढणी घेऊन ते आजीबाई झाले आणि 'माझी कवळी तूच चोरलीस' म्हणून माझ्या मागे लागले. मला खरोखरच राग आला. "आला ना राग?" आजीबाई खूश झाल्या. "आता राग आला तरी गोड कसं बोलायचं ते बघू."

सगळ्यात जास्त छळ हिराचा. ती बारवी धरणाकडच्या पाड्यावरून यायची. हात कामाला पक्के, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. तिची भरवण्याची पाळी आली तेव्हा ब्रदरनी ओठ घट्ट मिटले. "खा ना," हिरा पुटपुटली. ब्रदरनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तिनं पुन्हा विनवलं, चमचा पुढे केला, मागे घेतला. शेवटी वाटी खाली ठेवली, आपला डबा उघडला आणि म्हणाली, "नको तं नको. मला भूक लागली हाय."

थोड्या वेळानं पेशंटनं एक डोळा उघडला. "भाकरी कसली?"

"नाचनीची."

ब्रदर उठून बसले आणि तिची अर्धी भाकरी खाऊन गेले. वर म्हणाले, "पास!"

आणि मग एका सोमवारी ते आलेच नाहीत. फोन बंद. असं कधी झालं नव्हतं. दुपारी काजल, हिरा आणि मी मोरिवलीला गेलो. गल्लीतच शेजारीण म्हणाली, "न्हाणीघरात घसरून पडले परवा. हात मोडलाय."

आम्हाला वाटलं, आता घर डोक्यावर घेतलं असेल. दार लोटलं तर घर चिडीचूप. ब्रदर खुर्चीत बसलेले, उजवा हात प्लास्टरमध्ये. आम्हाला पाहून ते चक्क उठले आणि डाव्या हातानं खुर्च्या सरकवायला लागले.

"दुखतंय का?"

"नाय."

"जेवलात?"

"हो तर."

शेगडी थंड होती. काजलनं पाणी विचारलं, तर "नको, उगाच कशाला" म्हणाले. ती माझ्या कानाशी कुजबुजली, "ये कौन आदमी है?" हिरानं मात्र काही न विचारता तांदूळ शोधले आणि भात टाकला.

त्यांचा मुलगा पालेगावच्या नव्या टॉवरमध्ये राहतो, रिक्षानं जाण्याइतका जवळ. त्याला कळवलंच नव्हतं. मी चिडले. "तिकडे वर्गात पलंगावर एक उशी सरकली तर आकाशपाताळ एक करता. आणि इथे हात मोडून गप्प?"

त्यांनी प्लास्टरचा हात मांडीवर नीट टेकवला. मग म्हणाले, "तिथं मी भोईर नसतो ना गं. कोनतरी म्हातारा असतो. त्याला मागता येतं." आणि प्लास्टरकडे बघत, "मना नाय येत. ही होती तवा मागायची पालीच नाय आली. मी तोंड उघडायच्या आधी ती वस्तू समोर असायची."

ब्रदर खुर्चीच्या पाठीवर उगाच इकडून तिकडे अंग घासत होते. हिरा बघत होती. "पाठ खाजते?" तिनं विचारलं.

"नाय, नाय."

ती तशीच उभी राहिली.

"सकालपासून," ब्रदर हळूच म्हणाले.

"हात लावते हां," म्हणत ती मागे गेली आणि खाजवू लागली. ब्रदरनी डोळे मिटले. "वर. अजून वर. डावीकडं. अगं, तुझ्या नाय, माझ्या डावीकडं! आनि हलू, मी काय टोप हाय घासायला?" आवाज चढत गेला तशी काजल हसायला लागली. तिनं पाण्याचा ग्लास पुढे केला. या वेळी त्यांनी तो घेतला.

"मुलाला फोन लावू?" मी विचारलं.

त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"लाव," ते म्हणाले. "त्याला सांग, जमलं तर ये."

मी नंबर लावत दाराबाहेर आले. पलीकडे घंटी वाजत होती, तेवढ्यात आतून हाक आली.

"पोरी, ते 'जमलं तर' नको सांगूस."