चक्री थांबेपर्यंत

हवालदार आकाराम यांच्या उजव्या हाताचं एक बोट अर्धंच होतं. उरलेलं अर्धं सरहद्दीवर गेलं, हे रहिमतपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. ते सांगायची वेळसुद्धा ठरलेली. फौजेतून आल्यावर त्यांनी फर्निचरचा कारखाना काढला होता आणि तिथली लाकूड कापायची चक्री बटण बंद केलं तरी चांगली चार मिनिटं गरगरत राही. तोवर तिच्या जवळून पलीकडे जायची सोय नसे, म्हणून गिऱ्हाइकाला खुर्ची, चहा आणि बोटाची गोष्ट मिळे. चक्री थांबायची तेव्हाच शत्रू पळालेला असायचा.

आणि एक दिवस कारखाने तपासणाऱ्या खात्याची नोटीस आली. बटण बंद केल्यावर चक्री दहा सेकंदांत थांबली पाहिजे. थांबत नसेल तर ब्रेक बसवा. तपासायला साताऱ्याहून मॅडम येणार.

"बसवूया की ब्रेक," दिलावर मिस्त्री म्हणाला. वीस वर्षं चक्री त्याच्याच हातात होती.

"गोळीला भ्यालो न्हाई, आन् आता चक्रीला भिऊ व्हय रं? लोक काय म्हनतील?"

"लोकांचं ऱ्हाऊ द्या. मॅडमनी सील ठोकलं तर?"

"त्यास्नी बोलन्यात गुतवतो. चार मिनटं कशी गेली कळायची न्हाईत."

क्रांती मॅडम आल्या. त्यांनी चक्री चालू करून बंद करायला लावली आणि मोबाइलवरचं घड्याळ सुरू केलं. आकारामांनी लगेच बोट पुढे केलं.

"अरे बापरे! कशानं गेलं हे?" मॅडमची नजर घड्याळावरून उठली.

झालं! हवालदार रंगात आले. बर्फ पडला, शत्रू सरकला, गोळ्या सुटल्या. चहा घेऊन आलेली रंगूबाई नवऱ्याकडे कौतुकानं बघत दारातच थांबली. दीड मिनिट झालं तरी चक्री आपली फिरतेच आहे. तेव्हा दिलावरला मालकाची अब्रू वाचवायची हुक्की आली. फळीचा एक तुकडा उचलून तो मॅडमच्या पाठीमागून हळूच चक्रीकडे सरकला. पात्याला बाजूनं लाकूड दाबलं की बया लवकर थांबते, हा मालक नसताना करायचा त्याचा नेहमीचा उपाय.

आकारामांना तो तुकडा दिसला. तो धरलेला हातही दिसला, आणि गोष्टीतला शत्रू बर्फातच राहिला.

"दिलावर! हात काढ! काढ रं हात! माझं बोट असंच गेलं!"

तुकडा भुशात पडला. चक्री मात्र घूं घूं करतच होती.

"बोट सरहद्दीवर गेलं ना?" मॅडमनी विचारलं.

"व्हय. सरहद्दीवरच गेलं." हवालदार म्हणाले. "चक्री तितंबी हुती. बंकरच्या फळ्या कापत हुतो. लवकर थांबवाया गेलो."

"म्हंजी गोळी न्हवती?" रंगूबाई दारातूनच ओरडली. "आवं, तुमी गोळीतनं वाचला म्हनून तीस वर्सं मी मंगळवार धरतीया!"

आकारामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुठं तोंड लपवावं कळेना. एरवी ते ताडकन निघून गेले असते, पण दाराची वाट चक्रीच्या अंगावरून होती. म्हणून मान खाली घालून ते तिथंच उभे राहिले. मॅडम घड्याळ बघत होत्या, रंगूबाई बोट बघत होती आणि दिलावर स्वतःची बोटं मोजत होता.

"चार मिनिटं सात सेकंद," शेवटी मॅडम म्हणाल्या. "आणि मालकांना धोक्याची माहिती होती का, तिथं काय लिहू?"

"हुती म्हनून लिवा," आकाराम पुटपुटले.

सील लागलं, ब्रेक बसला, पंधरवड्यानं सील निघालं. पहिल्याच दिवशी माधवनगरचे भाऊसो पलंग सांगायला आले. खुर्चीत टेकताच त्यांचं लक्ष गेलं.

"हवालदार, बोटाला काय झालं वो?"

आकारामांचा हात सवयीनं मिशीवर गेला. "त्याचं असं झालं, बर्फ पडत हुता..."

दिलावरनं चालू चक्रीचं बटण बंद केलं. आठ सेकंदांत चक्री गप्प! रंगूबाई कप घेऊन दारात उभीच होती.

"चक्रीत गेलं," आकाराम जमिनीकडे बघत म्हणाले.

भाऊसोंनी मागंपुढं बघितलं. मग खिशातला डावा हात हळूच बाहेर काढला. त्याला अंगठा नव्हता.

"माजा गुऱ्हाळाच्या चरकात गेला," ते कुजबुजले. "पर गड्या, कुनाला बोलू नगा. माधवनगरात मी बिबट्या सांगितलाय."