सूर्यभानमामांचे गिलास

तुम्ही आमच्या गावात गुटख्याची रिकामी पुडी रस्त्यावर टाकली, की मागून हाक येते, "पाव्हणं, सामान राह्यलं तुमचं!" तुम्ही दचकून खिसे चाचपता. तोवर सूर्यभानमामांनी ती पुडी दोन बोटांत धरून तुमच्यापुढं केलेली असते. चेहरा असा, की जणू तुमची हरवलेली अंगठीच शोधून दिली.

मामा जन्मभर एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर बस सुटली, प्रवासी काही सुटले नाहीत. देवगाव फाट्यावरून आत वळलं की आमचं गाव. इथला प्रत्येक माणूस मामांच्या लेखी अजून बसमध्येच आहे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते ओरडतात, "पुढं सरका, माघं मानसं हुबी हायेत!"

दरवर्षी आमच्याकडे कबड्डीचे मोठे सामने होतात. सगळ्या जिल्ह्यातून संघ येतात. जिंकणारा संघ ढाल घेऊन जातो. पाण्याचे पाउच, थर्माकोलच्या ताटल्या आणि चहाचे कप वाऱ्यावर बसून शेजारच्या कापसात जातात. मागच्या वेळी वेचणीच्या बायांनी कापूस कमी आणि पाउच जास्त वेचले.

कमिटीला याची काळजी नव्हती असं कोण म्हणेल? कमिटीनं तातडीनं एक भलामोठा फ्लेक्स छापून आणला: 'पर्यावरण वाचवा'. त्यावर झाड एक होतं आणि पुढाऱ्यांचे चेहरे मोजवत नव्हते. मी कमिटीचा सचिव, म्हणून कोपऱ्यात माझाही.

बैठकीत मामा उभे राहिले. "हे लावायच्या आधी पाउच बंद करा."

अध्यक्षांनी हसत सांगितलं, "मामा, तुमालाच पर्यावरण प्रमुख केलं. बसा आता."

टाळ्या पडल्या. पद मिळालं की माणूस काम सोडतो, असा आमच्या गावचा भक्कम अनुभव. मामांना तो नव्हता. दुसऱ्या दिवसापासून ते घरोघर स्टीलचे गिलास मागत फिरायला लागले. "नाव घातलेले द्या, म्हंजी माघारी बराबर येतेत. घासून, धुऊन देतो. माझी ग्यारंटी." थर्माकोल गेला, पत्रावळ्या आल्या. फ्लेक्स मामांनी उलटा करून बायांना बसायला अंथरला. आमचे पुढारी लोकांच्या उपयोगी पडल्याचं गावानं पहिल्यांदाच पाहिलं.

उद्घाटनाला परभणीहून साहेब आले. त्यांच्या माणसानं बाटली मागितली. मामांनी रांजणातलं पाणी पुढं केलं.

"साहेब बाटलीतलंच पितेत."

"मंग साहेबांनी घरूनच पिऊन यावं की!"

पण साहेब पर्यावरणावर इतकं बोलले, इतकं बोलले, की घशाला कोरड पडली. शेवटी 'सौ. मंगल हीस आत्याकडून सप्रेम भेट' असं कोरलेला गिलास त्यांनी गपगुमान तोंडाला लावला, आणि वर आणखी एक मागितला. सामने संपताना मामा वाटेवर उभे. "आपापलं सामान घेऊन उतरा! कामून इसरता?" लोक हसत होते, वैतागत होते, पण वाकून उचलत होते. मैदान स्वच्छ राहिलं. अध्यक्षांनी ताबडतोब कमिटीच्या दूरदृष्टीचं कौतुक केलं.

उरला गिलासांचा ढीग. "टेम्पो लावू, एका दुपारी वाटून होतेल," मी म्हणालो.

"उगं डिझेल जाळता? मी पायी देतो."

आता मात्र पर्यावरणाचा अतिरेक झाला, असं आमचं एकमत झालं. मामा रोज संध्याकाळी एखादंच घर घ्यायचे. "मामाची गाडी लय ठेसनं घ्यायलीय," अध्यक्ष म्हणाले. घरोघर पाहुण्यांना तांब्यानं पाणी द्यायची वेळ आली.

एकदा मी शेजाऱ्यांच्या ओसरीवर मामांना पाहिलं. गिलास कधीच आत गेले होते. मामा चहा बशीत ओतून, फुंकून फुंकून पीत होते. घाटात बस बंद पडल्याची गोष्ट चालली होती, आणि घरातली म्हातारी पदर तोंडाला लावून हसत होती. मामी जाऊन बरेच दिवस झाले. मुलगा पुण्याला. कारणाशिवाय कुणाचा उंबरा ओलांडायची मामांना सवय नाही, आणि कारण आम्ही कुणी कधी काढलं नव्हतं.

आमचं घर अगदी शेवटी आलं. मामा भाकरी आणि वांग्याची भाजी चवीनं जेवले. कचऱ्याचा विषयसुद्धा काढला नाही. मग उठले, पिशवीतले गिलास स्वतःच्या हातानं फळीवर मांडले आणि रिकामी पिशवी झटकून घडी घातली.

"बघून घ्या, सूनबाई. हे शेवटचं घर. संपलं काम."

बायकोनं फळीवरून बोट फिरवलं. सगळे गिलास होते. मला बसल्या जागेवरून दिसत होते.

"एक कमी हाय, मामा," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. तिनं डोळे वटारले. मामांनी फळीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. बराच वेळ ते पिशवीची घडी बोटांनी दाबत राहिले.

"आसंल," ते म्हणाले. "बघतो घरी. उद्या सांजच्याला येतो मंग."

"जेवायलाच या."